रोलरचा सत्कार

"पत्रकारांना आत सोडत नाहीत," शिपाई दारात आडवा हात लावून म्हणाला.

"मला माहीत आहे. म्हणून तर आलेय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मला सोडू नका, मी मॅडमनाच विचारते."

शिपायाला या बोलण्याचा अर्थ लागेपर्यंत आतून आवाज आला, "कोण आहे? आत पाठवा."

कोर्टाच्या मागच्या बैठ्या इमारतीत बाल न्याय मंडळाची ती खोली होती. उंच आसन नाही, कठडा नाही, काळे कोट नाहीत. एक मोठं टेबल आणि भिंतीवर कुणा मुलांनी रंगवलेला मोर. टेबलाशी न्यायदंडाधिकारी खासनीस मॅडम आणि मंडळाचे दोन सदस्य बसले होते. समोर एक पोरगी आणि तिच्या शेजारी हात प्लास्टरमध्ये घालून तिची आई. कोपऱ्यात रस्त्याच्या कामाचे कंत्राटदार ढमढेरे, चेहरा असा की त्यांच्या घरातलंच कुणी गेलंय.

"मी रेवती धायगुडे. 'गावकट्टा' चॅनलची बातमीदार."

"अठरा वर्षांखालच्या मुलांची सुनावणी बंद दाराआड होते, ठाऊक आहे ना?"

"हो मॅडम."

"नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काही म्हणजे काही छापता येत नाही, हेही?"

"हेही."

"मग न्यायला काय आलात?"

मी मोबाईल पुढं केला. "दार बंद आहे म्हणून बाहेर काय चाललंय, ते वाचून दाखवू? सगळं आज सकाळपासूनचं आहे."

मॅडमनी मान हलवली. मी वाचायला लागले. एका ग्रुपवर लिहिलं होतं की रोलर चालवणारी मुलगी नव्हतीच, विरोधी पार्टीनं ओढणी बांधून बसवलेला बाप्या होता. दुसऱ्यावर, ती नशेत होती. तिसऱ्यावर, शेजारच्या तालुक्यात विकायला रोलर पळवत होते, टोळी मोठी आहे, पोलिसांनी प्रकरण दाबलंय.

"विकायला पळवत होते?" मॅडम म्हणाल्या. "रोलर?"

शेजारचे सदस्य खोकल्याचं निमित्त करून हसले.

हसण्यासारखंच होतं ते. आमच्या गावातल्या एका गल्लीत रस्ता करायचा म्हणून दिवाळीच्या आधी खडी पसरली होती. रस्त्याच्या तोंडाशी कोनशिला बसवली, तिच्यावर झाडून सगळ्यांची नावं आली, नारळ फुटला, पेढे वाटले आणि कामगार गेले ते गेलेच. रोलर तिथंच कोपऱ्यावर उभा. पोरं त्याच्यावर चढून खेळायची, बाया त्याच्यावर गोधड्या वाळत घालायच्या. खडीवरून माणसं पडत होती, सायकली पंक्चर होत होत्या, आणि अर्ज घेऊन गेलं की 'काम प्रगतिपथावर आहे' असं उत्तर मिळत होतं. एका भर दुपारी, उरुसामुळं निम्मं गाव दर्ग्याकडं गेलेलं असताना, तो रोलर धडधडायला लागला. स्टिअरिंगवर कुणीतरी मुलगी, चेहऱ्याला आमच्याकडच्या पोरी गुंडाळतात तसा स्कार्फ, नुसते डोळे उघडे. तिनं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि उलट, असा अख्खा रस्ता दाबून काढला. शेवटच्या फेरीला ती कोनशिला रोलरखाली आली आणि सगळ्या नावांसकट तिचा भुगा झाला.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. तो कुठल्या कुठं पोचला. पण त्यात दिसत होता तो स्कार्फ. गल्लीला पोरगी कोण ते ठाऊक होतं, पोलिसांना ठाऊक होतं. बाकी जगाला काही ठाऊक नव्हतं.

"मॅडम," मी म्हणाले, "मला पोरीचं नाव नकोय. इथं काय बोललं गेलं आणि काय ठरलं, तेवढं लोकांना कळू द्या. आपण काहीच सांगितलं नाही तर हे ग्रुपवाले सांगणार आहेत."

मॅडमनी दोन्ही सदस्यांकडं पाहिलं. मग पोरीच्या आईकडं. "तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझी लेक चोर न्हाई," आई म्हणाली. "एवढं बाहेर कुणी सांगणार असंल तर बसू द्या त्यांना."

"बसा मग," मॅडम मला म्हणाल्या. "काय झालं ते सांगायचं. कुणाचं झालं ते नाही. आणि नीट ऐका, बाई. ही दहावीतली मुलगी आहे. हे प्रकरण निकाली निघालं की इथले कागद मी पुढं नियमाप्रमाणं नष्ट करवीन. तिच्या नावावर काही राहणार नाही. पण लोकांच्या मोबाईलमधलं मला पुसता येत नाही. तुमच्यामुळं तिचं नाव या गावाबाहेर गेलं, तर तिचं व्हायचं ते नुकसान होईलच, आणि हे दार पुन्हा कुठल्याही पत्रकाराला मी उघडणार नाही."

मी बसले. मोबाईल बंद करून पिशवीत टाकला.

मग मॅडम पोरीकडं वळल्या. "रोलर चालवायला कुठं शिकलीस?"

"मामा रोलरवर ड्रायव्हर आहे. सुट्टीत त्याच्याशेजारी बसते."

"किल्ली कुठून मिळाली?"

"सीटखाली हत्यारांचा डबा असतो, त्यात असते. सगळ्या रोलरची तिथंच असते."

"चोरायचा होता?"

पोरगी गोंधळली. "चोरून ठेवणार कुठं, मॅडम? आमचं घर दोन खोल्यांचं आहे."

"मग का घेतलास?"

"आई खडीवरून पडली. हात मोडला. मी नगरपालिकेत गेले, तर साहेब म्हणाले, रोलरला ड्रायव्हर नाही. मला वाटलं, ड्रायव्हर तर मीच आहे."

"आणि माझी कोनशिला?" ढमढेरे कोपऱ्यातून कळवळले.

"ती खरंच दिसली नाही. पुढं ड्रम असतो ना, त्याच्या लगेच पुढचं दिसत नाही. मामा म्हणतो, पुढं माणूस चालता ठेवावा. मी एकटीच होते." मग खाली बघत म्हणाली, "त्याचं वाईट वाटलं. तिच्या चौथऱ्यावर बसून मी अभ्यास करायची."

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसला. निकाल असा झाला की, परवान्याशिवाय असलं धूड रस्त्यावर आणणं हा पोरखेळ नाही, कुणी खाली आलं असतं म्हणजे? म्हणून कडक समज, आणि परीक्षा संपली की सुट्टीतले रविवार सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालायची. ढमढेऱ्यांनी 'आणि माझं काय' असं विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही वयानं मोठे आहात म्हणून माझ्या अखत्यारीत येत नाही. नाहीतर तुम्हालाही कव्हरं घालायला बसवलं असतं."

आमच्या चॅनलचं ऑफिस म्हणजे सदानंद टेमकरचं फ्लेक्सचं दुकान. पुढं वाढदिवसाचे बोर्ड छापायचे, मागं हिरवा पडदा लावून बातम्या. सदानंद मालक, संपादक आणि कॅमेरामन. मनानं साखर, पण त्याचं कुठलंही काम मोठ्या अक्षरात आणि चार रंगांत असायचं.

"नाव नाही, फोटो नाही, गल्ली नाही," तो म्हणाला. "मग बातमीत काय, रेवतीताई? नुसती खडी?"

"ती काय बोलली ते आहे की."

मी कॅमेऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं. 'एक मुलगी' म्हणाले, 'एक गल्ली' म्हणाले. 'चोरून ठेवणार कुठं' हे वाक्य मात्र होतं तसं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ज्या ग्रुपवर टोळी फिरत होती, त्याच ग्रुपवर लोक ते वाक्य एकमेकांना पाठवून हसत होते. पार्टीवाला बाप्या गायब झाला, नशा उतरली. नगरपालिकेनं मुकाट्यानं ड्रायव्हर पाठवला आणि त्या रस्त्यावर डांबर पडलं. मला वाटलं, जिंकलो.

डांबर वाळायच्या आत एका सकाळी मी त्या गल्लीच्या तोंडाशी आले आणि माझी स्कूटी आपोआप थांबली.

फ्लेक्स होता. दोन विजेच्या खांबांमध्ये ताणलेला, गल्लीच्या रुंदीएवढा. मधोमध पोरीचा शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, मोठ्ठा, मागं सूर्याची किरणं. वर तिचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. 'आमच्या गल्लीची वाघीण! रोलर चालवून रस्ता केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतली झाडून सगळी माणसं, गॉगल घातलेली आणि फोन कानाला लावलेली. सत्काराची वेळ सकाळी दहा. आणि अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'टेमकर डिजिटल'.

सदानंद स्वतः शिडीवर उभा राहून शेवटची दोरी बांधत होता.

"सदानंद! खाली उतर!"

"कसा झालाय?" तो खुशीत म्हणाला. "सूर्य मी माझ्याकडून घातलाय."

"अरे, नाव छापायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"चॅनलवर नाही टाकलं की! मॅडमनी बातमीला मनाई केलीय. हा फ्लेक्स आहे. फ्लेक्स म्हणजे काय बातमी असते का, ताई? फ्लेक्स म्हणजे माया."

मी कपाळाला हात लावला. गावात कुणाचा बैल शर्यतीत पहिला येवो नाहीतर कुणी सैन्यात भरती होवो, आमच्याकडं आनंद झाला की तो दोन खांबांत ताणून बांधल्याशिवाय कुणाला झाल्यासारखा वाटत नाही. त्या माणसाला खरंच कळत नव्हतं की त्यानं काय केलंय. त्याला एकट्याला का बोल लावा, सगळ्या गल्लीला कळत नव्हतं. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. स्पीकरवाला 'हॅलो, हॅलो' करत होता. भागूआक्का, म्हणजे गल्लीतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाची बाई, नारळाची पिशवी घेऊन उभी होती.

"आक्का, हा फ्लेक्स काढावा लागेल."

"का गं? आमच्या पोरीचं कवतिक आमी करायचं न्हाई? कोर्टानं सोडली की तिला!"

"सोडली म्हणूनच. दहा वाजता माणसं येणार, फोटो काढणार, ते लगेच फोनवर जाणार. मग हे नाव कायमचं त्या व्हिडिओला चिकटणार."

"चिकटू दे की. चांगलंच केलंय तिनं."

"तुम्हाला चांगलं वाटतंय, आक्का. उद्या तिला कॉलेजात, नोकरीत घेणारा कुणी हा रस्ता बघायला येणार नाही. तो 'रोलर पळवला, गुन्हा दाखल' एवढंच वाचणार."

गर्दी जमली. कुणी म्हणालं, हिला ढमढेऱ्यांनी पाठवलंय. कुणी म्हणालं, पत्रकाराच्या पोटात दुखतंय. आणि मग गर्दीतून पोरगी स्वतःच पुढं आली. नवा ड्रेस, वेणीला गजरा. फ्लेक्सकडं बघताना तिची मान ताठ झाली होती. शाळेत जिचं नाव कधी बोर्डावर लागलं नव्हतं, तिचं नाव गल्लीएवढं मोठं लागलं होतं.

"मॅडम, माझंच आहे ना ते?" ती मला म्हणाली. "मला लपायचं नाहीये. मी काही वाईट केलेलं नाही. मग माझं नाव का झाकायचं?"

तिच्या आईनंही माझ्याकडं पाहिलं, आता सांग म्हणून. कायदा सांगावा तर कायद्याच्या नावानं ती आधीच घाबरून बाहेर आली होती. आणि खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मला पटत होतं. नऊ वाजून गेले होते.

तेवढ्यात सदानंद शिडीवरून उतरला. का कोण जाणे, त्याचा चेहरा पडला होता. बहुतेक 'नाव चिकटणार' हे शब्द वर शिडीवर उशिरा पोचले असावेत.

"पोरी," तो म्हणाला, "तुझ्या मोबाईलवर माझं नाव शोध."

"का काका?"

"शोध तर. सदानंद टेमकर. आणि मोठ्यानं वाच."

तिनं शोधलं. आधी हसू दाबलं, मग वाचलं, "'नगरपालिका निवडणूक : सदानंद टेमकर यांची अनामत जप्त. स्वतःच्या वॉर्डातही नातेवाइकांपेक्षा कमी मतं.'"

गल्ली खो खो हसली. भागूआक्का म्हणाली, "खरं हाय की! आमीच पाडला व्हता."

"हसा," सदानंद म्हणाला. "कधीची गोष्ट आहे ही? तुम्ही विसरला होतात की नाही? आत्ता आठवलं की नाही? त्यानंतर मी दुकान टाकलं, चॅनल काढलं, शाळेला पाण्याची टाकी दिली. ते कुठंच येत नाही. भावाची सोयरीक करायला गेलो, तर त्या माणसांनी चहाच्या आधी विचारलं, तुम्ही ते अनामतवाले का? निवडणुकीला उभं राहणं काय वाईट होतं? पण आता मी काहीही केलं तरी आधी अनामत आणि मग मी." तो फ्लेक्सकडं बघत म्हणाला, "च्यायला, सूर्यसुद्धा घातला मी."

कुणी हसलं नाही आता. पोरगी मोबाईलकडं बघत राहिली, मग फ्लेक्सकडं, मग आईच्या प्लास्टरकडं. तिला काय वाटत असेल त्याची मला कल्पना येत होती आणि मला फार वाईट वाटत होतं. एवढं मोठं नाव स्वतःच्या हातानं उतरवायचं होतं तिला.

"काढा, काका," ती म्हणाली.

"आणि सत्कार?" भागूआक्का कळवळली. "माणसं येणार, नारळ आणल्यात, शाल आणलीया. सत्कार कुणाचा करायचा मग?"

पोरीनं कोपऱ्याकडं पाहिलं. तिथं रोलर उभाच होता. डांबर झालं तरी त्याला न्यायला अजून कुणी आलं नव्हतं.

"त्याचा करा," ती म्हणाली. "काम त्यानंच केलंय."

मग भागूआक्का अशी हसली की तिच्या पिशवीतले नारळ वाजले. "शाणी गं माझी बाय ती!"

सदानंद दुकानाकडं असा धावला की चप्पल वाटेत राहिली. मशीन धडधडलं, आणि थोड्या उशिरानं का होईना, ओल्या शाईच्या वासाचा नवा फ्लेक्स खांबांवर चढला. किरणं तीच, पण त्यांच्यात आता पिवळाधमक रोलर होता. 'रस्ता केल्याबद्दल श्री. रोलर यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त गल्लीकर.' गल्लीचंसुद्धा नाव नव्हतं. गॉगलवाल्यांना आपले फोटो गेल्याचं थोडं दुःख झालं, पण ते त्यांनी गिळलं. जुना फ्लेक्स पोरीच्या आईनं घडी घालून घरात नेला, तोंड आतल्या बाजूला करून.

मग सत्कार झाला. रोलरच्या ड्रमला हार, स्टिअरिंगवर शाल, सीटवर नारळ. भागूआक्कानं ओवाळलं. सदानंदनं माईकवरून सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलण्याची विनंती केली आणि त्यांच्या मौनाबद्दल टाळ्या मागितल्या. ढमढेरे आपल्या गाडीतून जाता जाता थांबले, त्यांनी फ्लेक्स वाचला आणि काच वर केली. खासनीस मॅडमची गाडी कोर्टाकडं जाताना गर्दीमुळं थांबली. त्यांनी फ्लेक्सच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत वाचलं, शुभेच्छुकांसकट. मग माझ्याकडं बघून ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला, इथं माझं काही काम नाही."

त्या दिवसाचे फोटो राज्यभर गेले. शाल पांघरलेला रोलर सगळ्यांनी पाहिला. पोरगी गर्दीत मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती. एकाही फोटोत ती ओळखू येत नाही, मी सगळे तपासलेत. ते दार पुढं माझ्यासाठी उघडं राहिलं. अजूनही मी तिथं जाऊन बसते, आणि एकाही मुलाचं नाव मी आजवर लिहिलेलं नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. परवा एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, ओळखलं का?"

आवाज ओळखला नाही. पण पुढचं ऐकता ऐकता मी उठूनच उभी राहिले.

"आज मुलाखत होती माझी. सरकारी इंजिनियरची. तीन साहेब होते. मधल्या साहेबांनी माझ्या गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, अरे, म्हणजे तुम्ही त्या रोलरच्या सत्काराच्या गावच्या! मग तिघंही हसायला लागले. फोटो बघितला होता त्यांनी."

"मग?"

"एक साहेब म्हणाले, मोठी धीट मुलगी असली पाहिजे ती. कोण होती हो?"

"मग तू काय सांगितलंस?"

पलीकडून आधी हसूच आलं, मोकळं. "मी म्हटलं, नाव काही कुठं आलं नाही, सर. पण रस्ता अजून टिकलाय. मी रोज त्याच्यावरूनच जाते."

तिची निवड झाली. कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या खात्यात, ते विचारू नका. मी मॅडमची, ढमढेऱ्यांची, आक्काची, सगळ्यांचीच नावं इथं बदलली आहेत, आणि रोलरचा सत्कारही कदाचित दुसऱ्याच कशाचा तरी असेल. नाव खरं आहे ते एकट्या सदानंदचं. त्यानंच मला बजावलं, "माझं टाक, ताई. मोठ्या अक्षरात टाक. निदान अनामतीच्या वर काहीतरी येऊ दे."